लॅपटॉप मांडीवर, घाट समोर

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला हवा किती लागते? सुमारे नऊ हजार लिटर. इंजिनाच्या संगणकाचं सगळं काम याच हिशेबाभोवती फिरतं: आत्ता किती हवा आत आली, तिला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची. हा हिशेब गाडी चालू असताना डोळ्यांसमोर बघायचा आणि चुकतोय तिथे तेव्हाच दुरुस्त करायचा, याला म्हणतात लाइव्ह ट्यूनिंग. पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या गाडीवर हे शिकायचं असेल, तर कर्जत-खालापूरसारखा मुलूख नाही. चौक ते कर्जत बऱ्यापैकी सपाट रस्ता, मे महिन्याचं भाजणारं ऊन, जुलैची दमट हवा आणि डोक्यावर बोरघाट. इंजिनाची परीक्षा घेणारं सगळं एका तासाच्या आत.

पेचकसाचं लाइव्ह ट्यूनिंग

हा प्रकार घाटाला नवा नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात मेकॅनिक इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटर हाताने किंचित फिरवायचा, कान देऊन ऐकायचा आणि आवाज गोड लागला की नट आवळायचा. मिक्स्चरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. तेही चालू गाडीवरचंच ट्यूनिंग होतं, फक्त सेन्सरच्या जागी माणसाचा कान होता.

फियाट आणि अॅम्बेसेडर घाटात तापून बंद पडायच्या, तेव्हा पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायची पद्धत होती. तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे. तो पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला असे आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेई. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ओढत बसे. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत बुडालेला असतो आणि सुमारे तीन बारच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. फडकं गेलं ते त्यामुळे. घाटातल्या शिंगरोबाला नाणं टाकायची प्रथा मात्र इंजेक्शनवाल्यांनीही सोडलेली नाही, आणि इंग्रजांना घाटाची वाट ज्याने दाखवली म्हणतात त्या धनगर शिंगरोबाची आठवण राहिलीच पाहिजे.

जुन्या गाडीत संगणक आला कोर्टामुळे

२९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी आदेश दिला: जूनपासून नव्या खाजगी गाड्या युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२ च्या हव्यात. २००१ मध्ये मुंबईचीही पाळी आली. कार्ब्युरेटरला हे नियम झेपणं कठीण होतं, म्हणून दोन-तीन वर्षांत बाजारातल्या गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ची, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची, अक्षरं झळकू लागली. सँट्रो तर आदेशाआधीच, १९९८ मध्ये, आली तीच इंजेक्शन घेऊन. मारुती ८०० ला ते २००० च्या सुमारास मिळालं. पिंपरीची इंडिका आणि कुर्ल्यात बनलेली, सचिनची सही मिरवणारी पॅलिओ एस-१० याच पिढीतल्या.

दुसरा धागा शिशाचा. देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून सक्तीचं झालं. धूर वास घेऊन तपासणारा ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, दोघांनाही शिसं म्हणजे विष. शिसं गेलं म्हणूनच ही यंत्रणा आपल्या रस्त्यांवर टिकली.

अख्खी अक्कल ३२ केबीत

नव्वदीच्या दशकातल्या कितीतरी संगणकांमध्ये इंजिनाचं सगळं ज्ञान ‘२७सी२५६’ नावाच्या एका चिपवर मावायचं. तिची क्षमता ३२ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्याच्या शंभर पट भरतो.

या चिपच्या पाठीला काचेची छोटी खिडकी असते. मजकूर पुसायचा असेल तर तिच्यावर वीसेक मिनिटं अतिनील दिवा धरायचा. चिप उघडी ठेवली तर कडक उन्हातही साधारण आठवड्याभरात कोरी होते, म्हणून खिडकीवर कायम स्टिकर. म्हणजे एकेकाळी एक आकडा बदलायचा तर चिप काढा, पुसा, पुन्हा लिहा, बसवा, गाडी चालवा, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. इम्युलेटर आला आणि हा फेरा संपला. हे यंत्र चिपच्या जागी सॉकेटमध्ये बसतं, संगणकाला वाटतं चिपच आहे, आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप असतो. आकडा बदलला की पुढच्याच क्षणी इंजिन तो वाचतं. ‘ऑस्ट्रिच’ नावाचा इम्युलेटर आणि ‘ट्यूनरप्रो आरटी’ हे सॉफ्टवेअर या कामासाठी जगभर गाजले. त्यातलं ‘आरटी’ म्हणजे रिअल टाइमच.

तुमच्या गाडीत चिप सॉकेटमध्ये नसून थेट सोल्डर केलेली असेल, तर दोन वाटा उरतात. एक, मूळ संगणक तसाच ठेवून त्याच्या आणि इंजेक्टरच्या मध्ये दुसरा छोटा संगणक बसवायचा, ज्याला पिगीबॅक म्हणतात. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक हा या जातीचा आणि भारतातच बनलेला. दोन, मूळ संगणक बाजूला ठेवून संपूर्ण नवा बसवायचा. २००१ मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी ‘मेगास्क्वर्ट’ आणला आणि हौशी माणसाला आपला संगणक घरी जोडता येऊ लागला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्ट्युअर्टने ‘स्पीडुइनो’ केला. तो चालतो शाळकरी प्रकल्पांत वापरतात त्या आर्ड्विनो मेगा पाटीवर: १६ मेगाहर्ट्झ, ८ केबी रॅम. एवढ्याशा पाटीवर चार सिलिंडरचं इंजिन व्यवस्थित पळतं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पाढ्यांचा तक्ता

सॉफ्टवेअर उघडलं की समोर येतो आकड्यांचा तक्ता, शाळेच्या भिंतीवरच्या पाढ्यांसारखा. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार. स्पीडुइनोत १६ गुणिले १६, म्हणजे २५६ घरं. गाडी चालू असताना एक ठिपका या घरांमधून पळत असतो. तो चार घरांच्या मध्ये थांबला तर संगणक चारही घरांचे आकडे घेऊन मधला आकडा काढतो, त्यामुळे एकच घर बदललं तरी आजूबाजूला परिणाम जाणवतो. नवशिक्याने शेजाऱ्यांवरही नजर ठेवायची ती म्हणून. तक्त्यात एकदम उंच सुळका किंवा खड्डा दिसला, तर समजायचं, मोजण्यात काहीतरी गडबड झाली.

वेगाचा अंदाज घ्या. ३००० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, तीन सिलिंडरच्या मारुतीत ७५. ठिणगी एक अंश आधी की नंतर, हा फरक केवळ ५६ मायक्रोसेकंदांचा. आणि जुन्या गाड्यांची, स्कॅनर जोडायची निदान-वायर? तिच्यावरून माहिती जाते सेकंदाला १०,४०० बिट्सच्या वेगाने, म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला मोजकेच आकडे ताजे होतात. भारतात ओबीडी-२ ही निदान-यंत्रणा सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाली एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाडीत कोणता स्कॅनर चालेल, हे तिच्या कंपनीवर ठरतं. खरेदी करण्याआधी कुणाचा तरी मागून लावून बघणं शहाणपणाचं.

डोळा एकच, पण पुरेसा नाही

गाडीसोबत आलेला ऑक्सिजन सेन्सर फक्त दोन गोष्टी सांगतो: पेट्रोल जास्त आहे किंवा कमी आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की जास्त, खाली आला की कमी. किती जास्त, ते त्याला सांगता येत नाही. ट्यूनिंगला लागतो तो वाइडबँड, जो नेमकं प्रमाण मोजतो. बॉशचा ‘एलएसयू ४.९’ या कामात सगळ्यात ओळखीचा. तो बसवायला सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला १८ मिलिमीटरचा बुश वेल्ड करावा लागतो. बुश पाइपच्या वरच्या अंगाला, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये हवा. खाली बसवला तर पाइपात साठलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर येतं आणि आतलं सिरॅमिक तडकतं. पावसाळ्यात कर्जतला हा नियम दुप्पट महत्त्वाचा.

घाटापेक्षा डिसेंबर भारी

खोपोली ते खंडाळा साधारण ५०० मीटरची चढण. तेवढ्यात हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो आणि इंजिनाची ताकदही जवळजवळ तेवढीच. कार्ब्युरेटरला हे कळत नसे, म्हणून वर जाता जाता मिक्स्चर दाट होई. इंजेक्शनच्या गाडीला दाबाचा सेन्सर सांगतो आणि ती आपोआप पेट्रोल आवरते.

पण खरी गंमत वेगळीच आहे. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना आणि मेच्या दुपारी ४० अंशांना हवेच्या घनतेत ८ टक्के फरक पडतो. म्हणजे खोपोलीतल्या खोपोलीत, एक इंचही न चढता, ऋतू बदलला की इंजिनाला बोरघाटापेक्षा मोठी चढण-उतरण भोगावी लागते! हिवाळ्यात सकाळी ‘पिकअप मस्त आहे’ असं वाटतं ते भास नसून खरं असतं. जुलैत आणखी एक भर: दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, आणि पाण्याची वाफ तीन-चार टक्के जागा अडवून बसते. एकाच मोसमात केलेलं ट्यूनिंग अर्धवट असतं. मेमध्ये घेतलेली नोंद आणि डिसेंबरमधली नोंद शेजारी ठेवून बघणारा माणूसच पुढे चांगला ट्यूनर होतो, असं माझं ठाम मत आहे.

वर चढायला ऊर्जा किती? माणसांसकट एक टन वजन ५०० मीटर उचलायचं तर, इंजिन पेट्रोलमधली चतुर्थांश ऊर्जा कामाला लावतं असं धरून, केवळ उंचीपोटी अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. रेल्वेला हेच ओझं १८६३ पासून माहीत आहे. ३७ ला १ ची ती चढण चढायला कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात, गाडी थांबते आणि प्रवाशांच्या हातात बटाटेवडा येतो.

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत वर्षानुवर्षं प्रवासी भरून चढणाऱ्या ओम्नी टॅक्सी आठवतात? त्यांचं इंजिन मारुती ८०० चंच, ७९६ सीसी. इतक्या लहान इंजिनाने इतकी खडी वाट चढायची, तर टायमिंग आणि मिक्स्चर अचूकच लागणार.

उतरताना पेट्रोल शून्य

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. इंजेक्शनच्या गाडीत तिचा नेमका उलटा परिणाम होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय एक्सलेटरवरून काढला, फेरे पुरेसे असले, की संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जातं शून्य थेंब. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या दमावर चालू राहावं लागतं आणि ते तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं.

पेट्रोलपेक्षा मोठी बाब ब्रेकची. एक टनाची गाडी ५०० मीटर उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात १६ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. न्यूट्रलमध्ये इंजिनाची मदत शून्य, त्यामुळे ही उष्णता जवळजवळ सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. आणि इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूमही संपतो. घाटात हे करूच नका.

ट्यूनरला इथे एक खास सूचना. उतारावर इंजेक्टर बंद असताना वाइडबँड नुसती हवा मोजतो आणि स्क्रीनवर भयंकर कोरडं मिक्स्चर दाखवतो. नवशिका घाबरून त्या घरांत पेट्रोल वाढवत सुटतो. ती नोंद सरळ वगळायची.

ई-२० आणि जुनं इंजिन

शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला येते साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे ९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. शांतपणे चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंधन वाढवून घेतो. पण एक्सलेटर पूर्ण दाबला की अनेक जुने संगणक सेन्सरचं ऐकणं सोडून तक्त्यातल्या ठरीव आकड्यावर जातात, आणि तो आकडा इथेनॉल नसतानाचा असतो. घाटात पूर्ण जोर मागितल्यावर इंजिन नेमकं तिथेच कोरडं पडतं. जुन्या गाडीवर लाइव्ह ट्यूनिंग शिकण्याचं याहून चांगलं कारण आज मला दिसत नाही. त्यासाठी मीटरवर १४.७ चा आकडा न बघता लॅम्डा बघायचा: इंधन कोणतंही असो, बरोबर प्रमाणाला लॅम्डा १.

सुरुवात पान्याने, लॅपटॉपने नाही

लॅपटॉप जोडण्याआधी कॉम्प्रेशन, प्लग, एअर फिल्टर, टायमिंग आणि पेट्रोलचा दाब तपासून घ्या. वीस वर्षांत व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांना बारीक चिरा पडतात, त्यातून न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी मिसिंग मारते. मग आपण तक्ता बदलून एका फुटक्या नळीची भरपाई करत बसतो. इंजिनाची अर्थ वायर साफ करून आवळा, सेन्सरचे निम्मे विचित्र आकडे तिथेच सुटतात.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आधी बघा. त्याची वायर तुटली की अनेक संगणकांना इंजिन उणे ४० अंशांवर आहे असं वाटतं आणि भर मेमध्ये ते हिमालयातल्यासारखं पेट्रोल ओतू लागतात. थंड इंजिनावर घेतलेली नोंदही कामाची नाही. ८० अंश ओलांडल्यावरच खरं काम सुरू.

मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. फाइल लिहिताना बॅटरी कमजोर नको, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर संगणकच निकामी होऊ शकतो. पहिले काही दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंदी घ्या. धूर सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून एका घरात काही सेकंद स्थिर राहिल्यावरचा आकडाच खरा. आणि इथे घाट कामाला येतो. सपाट रस्त्यावर जास्त भाराच्या घरात राहायचं तर वेग वाढत जातो आणि ठिपका पळून जातो. चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये, बेताच्या वेगात, इंजिन त्याच घरात निवांत थांबतं.

आधी पेट्रोल, ठिणगी नंतर. सावकाश चालीला लॅम्डा १, पूर्ण जोराला ०.८५ ते ०.८८ च्या आसपास ही सुरक्षित सुरुवात. ठिणगी पुढे घेताना (म्हणजे आधी टाकताना) एकेक अंशच घ्या आणि नॉकिंगचा खडखडाट ऐकू आला की लगेच मागे या. कोरडं मिक्स्चर आणि पुढे गेलेली ठिणगी एकत्र आली तर पिस्टन वितळतो.

चालवणारा एक आणि लॅपटॉपवाला दुसरा, हा नियम मोडायचा नाही. द्रुतगती मार्गावर हे प्रयोग करूच नयेत, शनिवार-रविवारी जुन्या घाटातही नाहीत. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, उजाडल्यावर, रस्ता मोकळा असताना जा.

हे सगळं पद्धतशीर शिकायचं असेल, तर विद्यार्थ्यांसाठी फॉर्म्युला भारत स्पर्धा आहे. मुंबईच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची ओरायन रेसिंग ही टीम २००६ पासून स्वतः गाड्या बनवते. कर्जत आणि खालापुरातही अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तिथल्या पोरांना बोरघाट तर दारातच मिळालाय.

कायदा आणि पीयूसीची पावती

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन किंवा इंधनाचा प्रकार बदलायचा तर आरटीओची परवानगी हवी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा तर हवेशीच केलेला अन्याय आहे.

आपलं काम जमलं का, हे सांगणारा स्वस्तातला साक्षीदार म्हणजे पीयूसीवाला. बीएस-२ आणि बीएस-३ (म्हणजे आपले युरो-२ आणि युरो-३) च्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय वाढवलेल्या फेऱ्यांना लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. ट्यूनिंगला हात घालण्याआधी एकदा आणि झाल्यावर एकदा चाचणी करून दोन्ही पावत्या जपा. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर आयडलच्या घरांतलं पेट्रोल कमी करा. तो कमी असूनही हायड्रोकार्बन वाढला असेल, तर तक्त्याकडे न बघता आधी प्लग आणि प्लगच्या वायर बदला.